छापल्यानंतर उरलेले चित्र

रायपूरहून बस्तरकडे जाणारा रस्ता धमतरी मागे टाकून कांकेरच्या दिशेने निघाला, की वाटेत चारामा नावाचे गाव लागते. या भागातील डोंगरांत, चंदेली आणि गोटीटोला या गावांच्या परिसरात, काही शैलाश्रय आहेत व त्यांच्या भिंतींवर प्राचीन मानवाने काढलेली चित्रे आहेत. २०१४ च्या जुलै महिन्यात ही चित्रे एकाएकी देशभरच्या वृत्तपत्रांत झळकली. राज्याच्या पुरातत्त्व विभागातील एका अधिकाऱ्याने त्यांच्याविषयी एक चमत्कारिक शक्यता बोलून दाखविली होती. चित्रांतील आकृतींना नाक नाही, तोंड नाही. काहींच्या अंगात अंतराळवीराच्या पोशाखासारखे काही दिसते. एका ठिकाणी तर तिवईवर ठेवलेल्या तबकडीसारखी वस्तू आहे. तेव्हा परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांचे हे चित्रण तर नसेल? इतकेच नव्हे, तर या प्रश्नाच्या उलगड्यासाठी अंतराळ-संशोधन संस्थांचे साहाय्य घेण्याची भाषाही बोलली गेली.

या तर्काला शास्त्राची मान्यता मिळाली नाही, हे उघड आहे. तथापि त्या बातमीच्या पोटात एक निराळाच प्रश्न दडलेला होता आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हीच चित्रे १९१४ साली एखाद्या जाणत्या माणसाने पाहिली असती, तर त्याला त्यांत काय दिसले असते? कदाचित देवता दिसली असती, मुखवटा चढवून नाचणारा भगत दिसला असता, शिकारी दिसला असता. परंतु उडती तबकडी खात्रीने दिसली नसती. कारण उडती तबकडी हा शब्दच जगाला ठाऊक झाला तो १९४७ च्या जून महिन्यात, केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने आकाशात पाहिलेल्या चमकत्या वस्तूंच्या हकीकतीमुळे. काचेचे शिरस्त्राण, नाकडोळे नसलेला परग्रहवासी, तीन पायांवर उतरणारे यान, या साऱ्या आकृती विसाव्या शतकाने घडविल्या. आणि त्या घडविल्या प्रामुख्याने स्वस्त मासिकांतील व चित्रकथांतील चित्रकारांनी. चारामाच्या खडकाकडे पाहणारा डोळा त्या कागदी चित्रांनी आधीच तयार केलेला होता.

येथे इतिहासाचा एक मोठा विरोधाभास दृष्टीस पडतो. खडकावरचे चित्र हजारो वर्षे ऊनपाऊस सोसून जागच्या जागी टिकले. परंतु ज्या चित्रांनी त्या खडकाचा अर्थ बदलून टाकला, ती शंभर वर्षांच्या आतली चित्रे मूळ स्वरूपात फारच थोडी उरली आहेत. त्यांच्या लाखो छापील प्रती निघाल्या आणि चित्रकाराच्या हातचा एकमेव कागद मात्र रद्दीत गेला. तो कागद कोणी टाकला, कोणी वाचविला आणि का वाचविला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

प्रथम हे मूळ चित्र म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. चित्रकथेचे पान छापून हाती येते तेव्हा ते रंगीत, आटोपशीर आणि नेटके असते. मुळात ते तसे नसते. चित्रकार जाड कागदावर छापील पानाच्या दीडपट वा दुपटीने मोठे चित्र काढतो. प्रथम पेन्सिलीने आखणी होते; तिच्यावर काळ्या शाईने कुंचला किंवा टाक फिरतो. पुष्कळदा आखणी एक करतो, शाई दुसरा भरतो आणि फुग्यांतील अक्षरे तिसराच लिहितो. चूक झाली तर तिच्यावर पांढरा रंग चढतो; संवाद बदलला तर नव्या अक्षरांची चिठ्ठी गोंदाने डकवली जाते. छपाईच्या कॅमेऱ्याला फिकी निळी रेघ दिसत नाही, म्हणून सूचना निळ्या पेन्सिलीने लिहिल्या जातात आणि त्या कायमच्या कागदावर राहतात. समासात संपादकाचे शेरे असतात, मागे तारीख व अंकाचा क्रमांक असतो. रंग तर या कागदावर बहुधा नसतोच. तो पुढे निराळ्या नकलेवर ठरविला जातो. थोडक्यात, छापील पान हा निकाल असेल, तर मूळ पान ही त्या खटल्याची संपूर्ण मिसल होय. कोणती ओळ खोडली, कोणता चेहरा तीनदा काढला, कोणत्या शब्दाला कोणी हरकत घेतली, हे सारे तिच्यात वाचता येते.

अशी मिसल जपून ठेवण्याजोगी आहे, हे मात्र दीर्घकाळ कोणाच्या ध्यानात आले नाही. १९२६ च्या एप्रिलमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर फ्रँक पॉल या चित्रकाराने आकाश व्यापून टाकणारा शनी आणि त्याच्याखाली बर्फावर घसरत खेळणारी माणसे रंगविली होती. ज्यूल व्हर्नच्या धूमकेतूवरील कादंबरीचे ते चित्र. १९२९ च्या ७ जानेवारीला बक रॉजर्सची चित्रमालिका वृत्तपत्रांत सुरू झाली, आणि बरोबर पाच वर्षांनी, १९३४ च्या ७ जानेवारीला, अ‍ॅलेक्स रेमंड यांचा फ्लॅश गॉर्डन अवतरला. रेमंड यांची रेषा इतकी डौलदार होती, की पुढच्या पिढीतील कित्येक चित्रकार तिच्यावर हात बसवूनच शिकले. परंतु वृत्तपत्राच्या दृष्टीने चित्र म्हणजे छपाईचा कच्चा माल होता. धातूचा ठसा तयार झाला की कागदाचे काम संपले. काही पाने चाहत्यांना भेट म्हणून गेली, काही कार्यालयांच्या कपाटांत पडून राहिली आणि बाकीची जागा अडते म्हणून फेकली गेली.

या उधळपट्टीत एक माणूस अपवाद ठरला. न्यूयॉर्कमधील प्रकाशक विल्यम गेन्स यांच्याकडे १९४७ मध्ये वडिलांच्या अपघाती मृत्यूमुळे एक डबघाईला आलेला व्यवसाय आला. १९५० मध्ये त्यांनी ‘वीअर्ड सायन्स’ आणि ‘वीअर्ड फँटसी’ अशी विज्ञानकथांची दोन चित्रनियतकालिके सुरू केली. वॉलेस वुड, अल विल्यमसन, जो ऑर्लँडो, फ्रँक फ्रझेटा असे चित्रकार त्यांच्याकडे काम करीत. गेन्स यांनी चित्रे विकत घेतली ती हक्कासकट आणि कागदासकट. चित्रकाराच्या बाजूने पाहता हा व्यवहार फारसा उदार म्हणता येणार नाही. परंतु इतर प्रकाशकांनी केले ते त्यांनी केले नाही. त्यांनी पाने फेकली नाहीत; गठ्ठे बांधून, क्रमवार लावून ती ठेवून दिली.

त्यांच्या कथांपैकी एका कथेचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जजमेंट डे’ या कथेत पृथ्वीवरून आलेला एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करतो. तेथे नारिंगी यंत्रमानवांना सर्व अधिकार आहेत आणि निळ्यांना वेगळी वस्ती, वेगळे वाहन, हलकी कामे. आतून मात्र दोघे एकाच घडणीचे. हा ग्रह अद्याप मानवसंघात येण्यास पात्र झालेला नाही, असा निर्णय देऊन निरीक्षक परततो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण उतरवितो आणि तेव्हा प्रथमच वाचकाला कळते, की हा निरीक्षक कृष्णवर्णी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला तो १९५४ च्या मे महिन्यात. ही कथा त्याच्या आदल्या वर्षीची आहे. पुढे चित्रकथांवर नियंत्रण ठेवणारी संहिता लागू झाली. १९५६ च्या आरंभी ही कथा पुन्हा छापण्याचे ठरले, तेव्हा संहितेच्या अधिकाऱ्याने निरीक्षकाच्या त्या काळ्या चेहऱ्यालाच हरकत घेतली. कथेचा सारा अर्थ त्या एका चौकटीत होता. गेन्स आणि त्यांचे संपादक अल फेल्डस्टाइन यांनी माघार घेतली नाही. कथा होती तशी छापली गेली. परंतु यानंतर गेन्स यांनी चित्रकथांची अशी पुस्तके काढणे सोडून दिले आणि ‘मॅड’ या विनोदी नियतकालिकावरच लक्ष केंद्रित केले.

नियतकालिके बंद पडली, तरी गठ्ठे उरले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रस कॉक्रन नावाच्या एका रसिक प्रकाशकाने ते बाहेर काढण्याची संमती मिळविली. मूळ पानांवरून नव्याने छायाचित्रे घेऊन त्याने या कथांचे मोठ्या आकाराचे काळे-पांढरे खंड प्रसिद्ध केले. मळकट कागदावर, भडक रंगांखाली पंचवीस वर्षे दबून गेलेली वुड यांची बारीक रेषा वाचकांना तेव्हा प्रथमच स्पष्ट दिसली. पाठोपाठ मूळ पानांचे लिलावही झाले आणि संग्राहकांच्या घरी ती जाऊन पोहोचली. आज त्या कथांचा अभ्यास होऊ शकतो तो या एका जतनामुळे.

इंग्लंडमधील हकीकत याहून खिन्न करणारी आहे. १९५० च्या १४ एप्रिलला ‘ईगल’ हे मुलांचे साप्ताहिक निघाले आणि पहिल्याच पानावर फ्रँक हॅम्प्सन यांचा अंतराळवीर डॅन डेअर उभा राहिला. हॅम्प्सन यांची पद्धत अशी, की यानांच्या प्रतिकृती बनवायच्या, सहकाऱ्यांना व घरच्या माणसांना पोशाख चढवून उभे करायचे, आणि मग चित्र काढायचे. एवढ्या परिश्रमाने उभे केलेले जग त्यांच्या मालकीचे नव्हते. हक्क प्रकाशकाचे होते. १९५९ मध्ये ते त्या मालिकेपासून दूर झाले. १९७५ मध्ये इटलीतील लुक्का येथे त्यांचा महायुद्धोत्तर काळातील श्रेष्ठ चित्रकथाकार म्हणून गौरव झाला, तेव्हा पुष्कळांना त्यांचे नाव प्रथमच ठाऊक झाले.

मालकीचा हा प्रश्न पुढे अमेरिकेत ऐरणीवर आला तो जॅक कर्बी यांच्यामुळे. या चित्रकाराने आपल्या आयुष्यात हजारो पाने काढली. अंतराळातील देवता आणि अवाढव्य यंत्रे हा त्यांचा खास प्रांत. प्रकाशनसंस्थेने आपली मूळ पाने परत द्यावीत, अशी मागणी त्यांनी केली. १९८४ मध्ये त्यांच्यापुढे जो करारनामा ठेवण्यात आला, तो इतर चित्रकारांना दिलेल्या करारनाम्यापेक्षा कितीतरी लांबलचक व जाचक होता, आणि त्याच्या बदल्यात देऊ केलेली पाने शंभरसुद्धा नव्हती. सहव्यवसायी त्यांच्या बाजूने उभे राहिले, वृत्तपत्रांत चर्चा झाली आणि अखेर १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पाने त्यांच्या हाती आली. उरलेल्या हजारो पानांपैकी काही नष्ट झाली होती आणि काही तत्पूर्वीच बाजारात फिरू लागली होती. म्हणजे ज्या कागदाला एके काळी कोणी विचारीत नव्हते, त्याला आता चोरण्याइतकी किंमत आली होती.

ही किंमत पुढे कोठवर गेली, याचे एक उदाहरण पुरे आहे. बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांनी नील आर्मस्ट्राँगच्या कितीतरी वर्षे आधी आपल्या टिनटिनला चंद्रावर उतरविले होते. त्या चंद्रयात्रेचे एक मूळ पान २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या लिलावात १५ लाख ५० हजार युरोंना विकले गेले. अशा किमतीचे दोन परिणाम होतात. कागद फेकला जात नाही, हा पहिला आणि चांगला परिणाम. दुसरा असा, की एका कथेची पाने निरनिराळ्या घरांत विखुरली जातात, तिजोरीत बंद होतात आणि अभ्यासकाला मिसल सलग वाचायला मिळत नाही. संग्राहकाने वाचविलेली वस्तू संग्राहकामुळेच दृष्टीआड होते, असेही मग घडते.

आता आपल्याकडे वळू. १९६४ च्या मार्चमध्ये मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघू लागली आणि १९९० पर्यंत चालली. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी व इतर भारतीय भाषांतही ती निघत. वेताळ आणि मँड्रेक हे त्यांचे मुख्य नायक. फ्लॅश गॉर्डनही त्यांतूनच पुष्कळ भारतीय मुलांच्या ओळखीचा झाला. आतील पाने अमेरिकन मालिकांवरून छापलेली, त्यामुळे त्यांचे मूळ कागद सातासमुद्रापलीकडे. परंतु मुखपृष्ठे येथे रंगविली जात. त्यांतील कित्येक बी. गोविंद यांच्या हातची. याच गोविंद यांनी पुढे, १९७६ पासून, आबिद सुरती यांच्या ‘बहादूर’ला रूप दिले. म्हणजे परदेशी नायकांच्या त्या अंकांत भारतीय हाताचे मूळ चित्र बहुधा एकच असे, आणि ते म्हणजे मुखपृष्ठ.

मराठीत चित्रांची दौलत थोडी नव्हती. दीनानाथ दलाल यांनी १९४५ पासून ‘दीपावली’ सजविला. रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा घरोघर नेल्या. १९७४ मध्ये जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि तेथून मराठी विज्ञानकथेला नवा बहर आला. या कथा मासिकांत व दिवाळी अंकांत छापल्या गेल्या आणि त्यांच्या शीर्षकाशेजारी चित्रे आली. कृष्णविवर कोणीच डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. तेव्हा ते मराठी वाचकासाठी कागदावर कसे उतरवायचे, हा त्या चित्रकारांपुढचा प्रश्न होता. त्यांनी तो कसा सोडविला, हे छापील अंकावरून अर्धेच कळते. उरलेले अर्धे मूळ कागदावर होते. कथेचे पुस्तक होते आणि तिच्या आवृत्त्या निघतात. चित्र मात्र त्या अंकाबरोबर मागे राहते. चित्रकाराचे घर बदलते, मासिक बंद पडते, छापखान्याची जागा विकली जाते आणि गठ्ठा दाराबाहेर येतो. बंगालमध्ये सत्यजित राय यांच्या बाबतीत असे घडू दिले गेले नाही. प्रोफेसर शंकूच्या विज्ञानकथा ते स्वतः लिहीत आणि त्यांची चित्रेही स्वतःच काढीत. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे कागद व चित्रे जतन करण्याचे काम कोलकात्यात पद्धतशीरपणे हाती घेतले गेले. पण राय जगद्विख्यात होते. ज्यांच्या नावाला तेवढे वजन नाही, त्यांच्या कागदाचे काय, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुन्हा रायपूरलाच यावे लागते. नांदगाव संस्थानचे राजे महंत घासीदास यांच्या साहाय्याने १८७५ मध्ये येथे संग्रहालय उभे राहिले. देशातील जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. त्याची पहिली अष्टकोनी इमारत पुढे कलादालन म्हणून वापरात आली. आजच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ च्या मार्चमध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याच सुमारास डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित महानदीकाठी सिरपूरचे उत्खनन करीत होते, आणि नागपूरला महामहोपाध्याय मिराशी छत्तीसगडच्या कलचुरी राजांचे लेख ठशांवरून वाचीत होते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशाशी जडलेला मराठी माणसाचा संबंध असा विद्येच्या वाटेनेही चालत राहिला.

या संग्रहालयात एका लाकडी खांबाचा अवशेष आहे. छत्तीसगडातील चंद्रपूरजवळच्या किरारी गावी हिराबांध नावाच्या तळ्याचे पाणी १९२१ साली आटले, तेव्हा चिखलातून तो निघाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. जाणकारांनी पुढे त्याचा काळ इसवी सनाचे दुसरे शतक ठरविला. अठराशे वर्षे पाण्याखाली टिकलेले ते लाकूड उन्हात ठेवताच तडकू लागले आणि अक्षरांसह त्याची ढलपी गळून पडली. सुदैवाने गावातील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी ती अक्षरे जशी दिसली तशी कागदावर उतरवून घेतली होती. त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. तरीही सुमारे साडेतीनशे अक्षरांची नक्कल त्यांनी केली. पुढे हिरानंद शास्त्री यांनी लेख वाचून प्रसिद्ध केला तो मुख्यतः तिच्याच आधारे.

किरारीच्या या खांबाने दोन्ही बाजू शिकविल्या आहेत. मूळ वस्तू नाशवंत असते, म्हणून नक्कल वेळेवर झाली पाहिजे. आणि नक्कल झाली, तरी मुळाचा उरलेला तुकडा जपलाच पाहिजे. कारण कोरणाऱ्याच्या हाताची खूण नकलेत उतरत नाही. विज्ञान-चित्रकथेच्या मूळ पानालाही हेच लागू आहे. आम्लधर्मी कागद पिवळा पडतो, गोंद वाळून चिठ्ठ्या सुटतात, चिकटपट्टीचे डाग शाईत उतरतात, आणि रायपूरचा उन्हाळा व पावसाळा या दोन्हींचा मारा कागदाला सोसत नाही. आम्लरहित पुठ्ठ्यात, उजेडापासून दूर, कोरड्या जागी पान सपाट ठेवणे. त्यावर प्लास्टिकचे आवरण न चिकटविणे. चित्रकाराचे नाव, अंक आणि वर्ष पाठीमागे मऊ पेन्सिलीने नोंदविणे. आणि त्याचे चांगले छायाचित्र घेऊन ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते. यासाठी कोट्यधीश असावे लागत नाही. ज्या घरात जुना चित्रकार राहून गेला आहे, त्या घराने माळा साफ करताना क्षणभर थांबणे मात्र आवश्यक आहे.

किरारीच्या त्या खांबावर कोणा राजाची स्तुती नाही. त्यावर आहे ती राज्यातील पदांची यादी: नगररक्षी, सेनापती, प्रतिहार, गणक, हत्तींवरचे आणि घोड्यांवरचे अधिकारी. याच यादीत भांडागारिकाचेही पद आहे. भांडागारात आलेली वस्तू मोजून घेणे, तिची नोंद करणे आणि मागितली असता ती दाखविणे, एवढेच त्याचे काम. चारामाच्या खडकाला भांडागारिकाची गरज पडली नाही; कागदाला ती पडते.